दार उघडल्याचा आवाज

धाकट्याचा आवाज लहानपणी चार घरं ओलांडून जायचा, म्हणून त्याचं नाव पडलं भोंगा. देवाने गळा देताना हात सैल सोडला आणि स्नायू देताना मात्र आखडता घेतला. गाण्याचा मास्तर म्हणून भोंग्याचं कुठे बरं चाललं होतं, तोच आधी जिना चढणं गेलं, मग उभं राहणं गेलं आणि आता श्वासाची पाळी आली. छातीच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "अंगात थोडी ताकद आहे तोवर गळ्याला भोक पाडून श्वासाचं यंत्र जोडू. एकदा छातीत कफ भरला, की ऑपरेशन झेपायचं नाही. पण आवाज मात्र जाईल, हेही आत्ताच सांगतो."

भोंगा म्हणाला, "मग थांबू या. माझी ताई दार उघडतेय."

हे दार कुठलं, तेही सांगायला हवं. आपली एकेक पेशी म्हणजे एकेक घर. घराला भिंत नाही, नुसता चरबीचा पडदा, साबणाच्या फुग्यापेक्षा पातळ. एवढ्याशा पडद्याच्या आडोशाला सगळा जीव राहतो, करणाऱ्याची करणी! पडद्यात जागोजागी प्रथिनांची दारं बसवलेली. ती उघडतात, मिटतात, क्षारांचे कण आत-बाहेर करतात, म्हणून हात उचलला जातो आणि छाती भात्यासारखी हलते. भोंग्याच्या स्नायूंमधलं एक दार जन्मापासून अडकलेलं. ते उघडेल असा एखादा औषधी रेणू शोधायचा, हे ताईच्या प्रयोगशाळेचं काम. आणि तसा रेणू सापडला होता.

काम भलतं नाजूक. प्लास्टिकच्या कपाला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, त्यावर बारीक कुंचल्याने चरबीचा पडदा ताणायचा, त्यात प्रथिन बसवायचं, मग रेणू सोडायचा. बाहेरच्या विजेची खरखर आत येऊ नये म्हणून कपाभोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा. यंत्र चालू असताना कुणी खोकायचंसुद्धा नाही. दार उघडलं, की कणांबरोबर वाहणारी बारीकशी वीज यंत्र टिपे आणि स्पीकरमधून आवाज येई, टक. मिटलं की शांत. ताईने तो आवाज फोनवर घेऊन घरी नेला, तेव्हापासून भोंगा झोपताना दुसरं काही ऐकेना.

"ताई, काय लय आहे गं! हे दार माझ्याच क्लासला येत असणार."

"बोलू नकोस रे," स्वयंपाकघरातून आई ओरडे. "दम पुरवून ठेव."

एके दिवशी दुपारी ताई नव्या घाण्यातल्या रेणूची नेहमीची तपासणी करत होती. तपासणी अशी, की प्रथिन न घालता नुसत्या पडद्यावर रेणू सोडायचा. काही वाजलं नाही, म्हणजे आधी जे वाजलं ते दारच. ही तपासणी कायम कडक चरबीच्या पडद्यावर व्हायची, कारण तो टिकतो, सारखा फुटत नाही. प्रथिन मात्र कडक चरबीत बसायलाच तयार नसतं. त्याला मऊ चरबी लागते. ही प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांची जुनी पद्धत. सगळे तिथे शिकले ते असेच शिकले, आणि पडदा मुका राहिला की सुटकेचा श्वास सोडून मोकळे झाले.

त्या दुपारी कडक चरबीची बाटली रिकामी निघाली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी प्रत्येक गोष्टीत खोट काढायचा, त्याला सगळे शंकासुर म्हणत. तो म्हणाला, "मऊ वापर की. पडदा तो पडदा."

"फुटेल लगेच."

"फुटला तर पुन्हा ताण. तुझ्या हाताला कुठे मेंदी लागलीय?"

तिने मऊ चरबीचा पडदा ताणला. शांत. रेणू सोडला. क्षणभर काही नाही. मग टक. टकटक. टक.

शंकासुराने खुर्ची वळवली. "प्रथिन घातलंस?"

"नाही."

"कप जुना असेल. राहिलं असेल चिकटून."

तिने कोरा कप काढला, कुंचला नवा, पाणी नवं. पुन्हा तेच. रेणू नसला की पडदा गुमान बसे, रेणू पडला की वाजायला लागे, आणि थोड्या वेळाने भस्सकन फुटे. शंकासुर एरवी अशा वेळी काहीतरी टोमणा मारायचाच. आज तो सरांना बोलवायला उठला.

रेणू दाराला शिवतच नव्हता. तो मऊ चरबीत मुरत होता, साबणासारखा; कडक चरबीत त्याला शिरताच येत नसे, म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. पडद्याला इथे तिथे भोकं पडत, क्षणभर उघडत, मिटत, आणि त्यांचा आवाज दारासारखाच येई. असं औषध पोटात गेलं असतं, तर भोंग्याच्या स्नायूंचं काय घेऊन बसलात, हृदयाच्या पेशींचे पडदेसुद्धा त्याने सोडले नसते.

सर आले, त्यांनी ऐकलं, चष्मा काढून हातात धरला. "कडक चरबीवर तपासायचं, हे मीच शिकवलं तुम्हाला." पुढे म्हणाले, "घरी एवढ्यात बोलू नकोस. आणखी करून बघू, मग..."

"सर, घरी मला एवढ्यातच बोलावं लागेल."

घरी भोंगा उशांना टेकून बसला होता, नाकावर मास्क. ताईने खुर्ची जवळ ओढली आणि जे झालं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मास्क खाली ओढला.

"आईने पढवलं ना तुला?"

"भोंग्या, नाही रे."

"मागे नुसत्या तपासणीला म्हणून नेलंत आणि थेट ऑपरेशनच्या वॉर्डात नेऊन निजवलंत. तेव्हाही तू असाच चेहरा केला होतास." तो दम घ्यायला थांबला. "तुम्हाला माझा गळा चिरायचाय. चिरा. पण माझ्या दाराला खोटं पाडू नका."

त्या दिवसाचं खोटं तिच्याच तोंडचं होतं, तेव्हा आता शपथ घेऊन तरी काय उपयोग! तिने फोन काढला. "तू मास्तर ना? दोन आवाज लावते. तुझं दार कुठलं, तूच सांग."

त्याने डोळे मिटले. पहिला वाजला. दुसरा वाजला. तो संपायच्या आत भोंग्याचं बोट चादरीवर हलायला लागलं, नेहमीसारखा ताल धरून.

"हाच," तो म्हणाला. चेहरा उजळला होता. "पहिला जरा पोकळ आहे. ह्याच्यात जीव आहे. हेच माझं दार."

ताईने फोन चादरीवर पालथा ठेवला. भोंग्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचं बोट थांबलं.

"ह्यात दार नाही?"

"ह्यात प्रथिनच नाही. नुसती चरबी आहे. पडदा फाटतोय, त्याचा आवाज."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भोंगा छताकडे बघत होता. छाती वर जाई, अर्ध्यात अडखळे, खाली येई.

"म्हणजे मी फाटण्याला ताल धरत होतो," तो म्हणाला. "क्लासातल्या पोराने असं केलं असतं ना, कान पिळला असता त्याचा."

"चूक आमची आहे. मी तो आवाज घरी आणायलाच नको होता."

"आणलास ते बरं केलंस. झोप लागायची." त्याने मास्क नाकावर धरला, चार श्वास घेतले, पुन्हा काढला. "डॉक्टरांना फोन लाव. या खेपेला मी चालत... नाही, चालत कुठला. पण कळून सवरून येतो म्हणावं."

डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळीच घेऊन या, मात्र थोडा उशीर झालाय, मी कसलाही शब्द देत नाही. ताईने तेही त्याला सांगितलं. लपवायचं असं आता काही उरलंच नव्हतं.

"आईला बोलाव," तो म्हणाला. "लोणच्याची बरणी मी फोडली होती आणि मार तू खाल्लास, ते तिला सांगायचंय. आणि पोरांपैकी कोण सुरात आहे, ते तू लिहून घे. बाकीच्यांना माझ्या मागे उगाच गायला लावू नका, देवाला कान आहेत."

हसायचा प्रयत्न केला तर त्याला ठसका लागला. तो ऐकून आई ओल्या हातांनीच दारात आली.

"बोलू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं रे? दम..."

तेवढ्यात तिची नजर ताईच्या चेहऱ्यावर गेली. मग पालथ्या फोनवर. फोन जवळ आहे आणि पोरगा काही ऐकत नाहीये, असं त्या घरात कधी होत नसे. आईने हात पदराला पुसले. ती पलंगाच्या कडेला बसली आणि त्याचा तळवा तिने आपल्या मांडीवर घेतला. तो हात उचलायला आता जड झाला होता.

"बोल," ती म्हणाली. "बोल रे बाळा, काय ते."