महिन्यातले बावीस दिवस

माझ्या वहिनीचं डोकं अकरा वर्षं दुखत होतं आणि आम्ही सगळे त्याला पित्त म्हणत होतो. ती कपडे शिवते. कळ आली की डावा डोळा मिटून सुईत दोरा ओवायची आणि वर म्हणायची, "नेम धरायला एकच डोळा लागतो."

शेवटी मीच तिच्या मोबाइलवर डोकेदुखीच्या नोंदी ठेवायचं ॲप टाकून दिलं. दुखलं की खूण करायची. कुठे दुखतंय, उजेड सहन होतो का, काय घेतलं, ते लिहायचं. महिन्याभराने त्या नोंदी ॲपवरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि व्हिडिओ कॉल ठरला. वहिनी गळ्यात टेप तशीच ठेवून मशीनपुढे बसली.

बाईंनी बरंच खोदून विचारलं. मग म्हणाल्या, "हे पित्त नाही, मायग्रेन आहे. पण महिन्यातले बावीस दिवस तुम्ही वेदनाशामक गोळी घेतली आहे. आता तुमचं बरंचसं दुखणं त्या गोळ्यांमुळेच आहे."

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. "बावीस? छे! फार तर आठ."

फोन बंद होताच ती माझ्यावर उखडली. "ताई, तुम्हीच काहीतरी भलतंच दाबलंत."

"नोंदींना मी हातही लावला नाही गं!"

तिने मशीनचा खण ओढला, पर्स उपडी केली, गादीखाली हात घातला. गोळ्यांची रिकामी पाकिटं निघतच राहिली. माझा भाऊ दारात उभा होता. निम्मी पाकिटं त्यानेच आणून दिली होती, काळजीपोटी.

"औषध म्हणून मी दुखणंच गिळत होते," पाकिटं एकेक करून गोळा करत वहिनी म्हणाली.

बाईंच्या सल्ल्याने त्या गोळ्या थांबल्या आणि दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायचं वेगळं औषध सुरू झालं. गोळ्या सुटल्यामुळे दुखणं आधी वाढलंच, पहिले दहा दिवस तिने नुसते भोगले. उलट्या, ओढलेले पडदे, आणि मोबाइलवर दिवसाआड बाईंचा निरोप: "आज कसं आहे? धीर सोडू नका." तिसऱ्या महिन्यात दुखण्याचे दिवस पाचावर आले.

मला वाटलं, ती हरखून जाईल. ती त्या आकड्याकडे नुसती बघत राहिली.

"इतक्या वर्षांत," ती म्हणाली, "गोळ्या किती घेतेस, असं मला कुणीच विचारलं नाही. मीही नाही."