लिफ्टसाहेबांनी निवडलेलं जॅकेट

लिफ्टसाहेबांची उभी हयात इमारतींच्या लिफ्ट तपासण्यात गेली होती. निवृत्त झाले तरी सवय सुटली नव्हती. कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की आधी छताकडे बघायचे, मग दाराच्या फटीकडे आणि मग आत उभ्या असलेल्या माणसांकडे, जणू आता एकेकाला वजन विचारणार आहेत. त्यामुळे एकदा जेवताना सून सहज म्हणाली, "बाबा, आमचं डायव्हिंगचं शिक्षण पूर्ण झालं. आता समुद्रात उतरायला स्वतःचं जॅकेट घेणार आहे," तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

सून दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावल्यावर तिला कुठेतरी मोकळ्यावर डोकावावंसं वाटलं तर त्यात गैर काय, असं सासूबाईंचं मत होतं. मुलगाही तिच्याबरोबर शिकला होता. म्हणजे वर्गात तिच्या शेजारी बसला होता आणि परीक्षेतून कसाबसा सुटला होता.

"जॅकेट कशाला? पाण्यात थंडी वाजते?" लिफ्टसाहेबांनी विचारलं.

"थंडीचं नाही, बाबा. हवेचं. पाठीवर सिलिंडर बांधायचं ते याच जॅकेटला. बटण दाबलं की सिलिंडरमधली हवा जॅकेटात शिरते आणि आपण वर येतो. हवा सोडली की खाली जातो."

"म्हणजे लिफ्टच की," लिफ्टसाहेब म्हणाले आणि तिथून पुढे हा विषय त्यांनी आपल्या अखत्यारीत घेतला.

दुसऱ्याच दिवशी कोणाला न सांगता ते डायव्हिंगच्या दुकानात जाऊन आले. दुकान चालवणारी बाई स्वतः समुद्रात बुड्या मारणारी होती, आवाज खणखणीत, केस कायम ओले. तिनं माप विचारलं. लिफ्टसाहेब म्हणाले, "माप राहू दे. सगळ्यात सुरक्षित द्या. म्हणजे सगळ्यात मोठं." बाईनं समजावून बघितलं, पण समोरचा माणूस ऐकण्यातला नाही हे तिच्या लगेच ध्यानात आलं. "बदलून मिळेल," एवढंच म्हणून तिनं जॅकेट बांधून दिलं.

घरी सुनेनं ते अंगावर चढवलं आणि सून दिसेनाशी झाली. वर थोडं कपाळ आणि खाली पाय, मधे सगळं नारिंगी जॅकेट.

"छान आहे, बाबा," आतून आवाज आला. "जरा सैल होतंय, इतकंच."

"सैल बरं असतं. श्वासाला जागा राहते."

"यात आईसुद्धा मावेल," मुलगा म्हणाला.

"मला नका मोजू," सासूबाई म्हणाल्या. "पानं वाढली आहेत. आधी तिला बाहेर काढा."

सून अनोळखी माणसाला पाच दात काढावे लागतील असं शांतपणे सांगू शकायची, पण सासऱ्यांना हे जॅकेट नको म्हणायला तिची जीभ रेटेना. म्हाताऱ्या माणसानं एवढ्या हौसेनं आणलेलं. शेवटी तिनं मधला मार्ग काढला. दुकानाच्या मागे सरावाचा तलाव होता. तिथे एकदा घालून बघू, असं ती म्हणाली.

"बघू," लिफ्टसाहेब म्हणाले. "पण आधी मी घालणार. दुरुस्तीनंतर लिफ्टमध्ये पहिला मीच चढायचो."

रविवारी सगळे दुकानात गेले. सासूबाई सावलीची खुर्ची बघून बसल्या. लिफ्टसाहेब चड्डी आणि नारिंगी जॅकेट अशा अवतारात छातीभर पाण्यात उतरले. बाईनं बटण दाबलं. जॅकेट फुगून वर आलं. साहेब होते तिथेच राहिले. खांदेपट्टे कानांच्या वर गेले, हनुवटी कॉलरमध्ये बुडाली, गाल दोन्हीकडून दाबले जाऊन तोंडाचा चंबू झाला.

"मला काही दिसत नाही," आतून आलं.

"कारण जॅकेट तरंगतंय, तुम्ही नाही," बाई म्हणाली. "मोठं जॅकेट असं अंगावरून निसटतं. ते अंगाला बसायला हवं आणि पूर्ण फुगलं तरी श्वास घेता यायला हवा."

लिफ्टसाहेबांना कबूल करावंच लागलं, पण हार मानण्यातले ते नव्हते. "मग दुसरा प्रकार दाखवा."

सुनेचा जीव ज्या प्रकारावर जडला होता तो आता तिनं पुढे केला. त्यात हवेची पिशवी फक्त पाठीमागे असते, पुढून सगळं सुटसुटीत. तिला डायव्हिंग शिकवणारे शिक्षक तसलंच वापरायचे. लिफ्टसाहेबांनी तेही चढवलं, फुगवलं आणि पट्टा कुठे शिवलाय ते बघायला पुढे वाकले. मागच्या हवेनं त्यांना अलगद पुढे ढकललं आणि त्यांचं तोंड पाण्यात गेलं. ठसकत वर आल्यावर त्यांनी निकाल दिला. "हे नापास."

"बाबा, यात मागे रेलायचं असतं. तुम्ही पुढे वाकलात."

"मी तपासत होतो."

सुनेनं तेच जॅकेट घातलं, मागे रेलली आणि आरामखुर्चीत पडावं तशी पाण्यावर पडून राहिली. लिफ्टसाहेब काठावर निथळत उभे राहून बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी इतके दिवस मनात अडकलेला प्रश्न बाहेर काढला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

"समजा वर आल्यावर हिची शुद्ध हरपली, तर कुठलं जॅकेट हिचं तोंड पाण्याबाहेर धरेल?"

"कुठलंच नाही," बाई म्हणाली. "पूर्ण गोल, म्हणजे हवा अंगाभोवती सगळीकडून भरते ते जॅकेट जरा बरं, पण खात्री कशाचीच नाही. ते काम जॅकेटाचं नाही. बरोबर उतरलेल्या माणसाचं आहे."

लिफ्टसाहेब हळूहळू वळले. बरोबर उतरणारा माणूस सासूबाईंच्या शेजारच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला होता.

"ऊठ," लिफ्टसाहेब म्हणाले.

उरलेली सकाळ मुलाला जन्मभर पुरेल अशी गेली. सुनेनं पाण्यात बेशुद्ध पडायचं, त्यानं तिचं तोंड वर धरायचं, तिच्या जॅकेटात हवा भरायची आणि खाली जाता यावं म्हणून जॅकेटात घातलेली शिशाची वजनं ओढून टाकून द्यायची, असा परिपाठ बाईनं घालून दिला. लिफ्टसाहेब काठावरून बारीक नजर ठेवून होते. पहिल्या खेपेला मुलानं वजनांऐवजी सुनेच्या केसांचा चाप ओढला. दुसऱ्या खेपेला हवा भरण्याऐवजी सोडली.

"मी बेशुद्ध आहे," सून डोळे मिटूनच म्हणाली, "पण माझं नाक सोड."

"याच्या जॅकेटात वजनं पुढच्या खिशात आहेत, तिच्या जॅकेटात पाठीशी," बाई म्हणाली. "म्हणून हात चुकतोय."

मुलानं शिकताना वापरलेलं तेच साधं, पूर्ण गोल जॅकेट स्वतःसाठी घेतलं होतं. सुनेनं पाठीवरच्या पिशवीचं ते देखणं जॅकेट उतरवलं आणि काठावर ठेवलं. "मलाही याच्यासारखंच द्या," ती म्हणाली, "माझ्या मापाचं. घाबरल्यावर याला विचार करावा लागू नये." लिफ्टसाहेबांच्या मनात होतं तेच तिनं निवडलं होतं, पण त्यांनी सुचवलं असतं तर ती कदाचित हसून विषय बदलती, हे त्यांना कळत होतं.

समुद्राचा दिवस उजाडला. होडीतून पाण्यात उतरायच्या आधी नवराबायकोनं एकमेकांना तपासायचं असतं. मुलानं बायकोचे पट्टे, वजनं, झडपा एकेक करून हात लावून बघितल्या. लिफ्टसाहेबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मग सुनेची पाळी आली. तिनं नवऱ्याच्या सिलिंडरच्या चावीला हात घातला आणि थांबली. चावी बंदच होती.

लिफ्टसाहेब अर्धवट उठले. सासूबाईंनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

"मी उघडणारच होतो," मुलगा म्हणाला.

"हो ना," सून म्हणाली आणि चावी तिनंच उघडली.

दोघं पाण्यात गेली. बुडबुडे आधी जवळ दिसले, मग लांब, मग लिफ्टसाहेबांना प्रत्येक लाट बुडबुड्यासारखी दिसायला लागली. सासूबाईंनी डबा उघडून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी त्यात हात घातला आणि काहीही न घेता परत काढला. शेवटी होडीच्या मागच्या बाजूला दोन डोकी वर आली, दोन्ही जॅकेटं अंगाला नीट बसलेली, दोन्ही तोंडं आकाशाकडे.

लिफ्टसाहेबांना विचारायचं होतं की खांदा काचला का, श्वास घेता आला का, पण सुनेनं तोंडातली नळी काढल्या काढल्या बोलायला सुरुवात केली. खाली तिला एक निळा मासा भेटला होता. दगड कुरतडून खात होता आणि त्याचे दात इतके घट्ट, इतके एकसंध होते की असलं तोंड तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. किनारा येईपर्यंत ती त्या दातांबद्दलच बोलत राहिली आणि लिफ्टसाहेब मान डोलावत ऐकत राहिले.