तोफखान्यासाठी रडले

आमच्या वृद्धाश्रमात कामगारांना एकच सक्त नियम: चेहरा हसरा हवा. घरची दुःखं लॉकरमध्ये, चपलांशेजारी ठेवायची. म्हाताऱ्यांची मनं नाजूक असतात म्हणे. आम्ही परदेशातून आलेल्या, तेव्हा आमची बहुधा टिकाऊ मालाची असावीत.

मंगळवारी सकाळी आई गेल्याचा फोन आला. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं, आणि इथे नोकरी कायम व्हायला तीन आठवडे उरले होते. मी लिपस्टिक लावली आणि कामावर गेले. नऊ जणांना आंघोळ घातली, नऊ वेळा हसले.

ताई रोज फोनवर विचारायची, "रडलीस का? रडून घे गं एकदा, आत साठवू नकोस."

सल्ला लाखमोलाचा, पण जागा कुठे होती? भाड्याच्या खोलीत आम्ही चौघी, त्यातली एक रात्रपाळीवरून येऊन कायम झोपलेली. कामावर संडासात शिरले, तर तिसऱ्या मिनिटाला सुपरवायझर बाई दार वाजवायच्या.

"सगळं ठीक ना?"

"एकदम मस्त!"

शनिवारी सात नंबरचे आजोबा गेले. त्यांना आम्ही तोफखाना म्हणायचो. शिव्या आणि उष्टे चमचे, दोन्हींचा नेम अचूक. माझ्यावर तर विशेष लोभ. मागच्याच आठवड्यात सूपचा वाडगा अंगावर आला होता. सोमवारी हॉलमध्ये त्यांना निरोप द्यायला वीसेक माणसं जमली, आणि सगळी घड्याळ बघत होती. सख्खी मुलगी जांभई दाबत होती.

बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "इथे थोडं वाईट वाटून घेतलं तरी चालतं हं."

चला, परवानगी मिळाली! मी एप्रन तोंडाला लावला आणि असा हंबरडा फोडला की खुर्च्या मागे सरकल्या. आईचा शेवटचा फोन मी 'कामात आहे' म्हणून ठेवला होता. तो आठवत राहिला, आणि मी रडत राहिले.

मुलीने धावत येऊन मला मिठी मारली. "आमच्या बाबांवर तुमचा एवढा जीव होता?" म्हणत तीही रडू लागली. बाईंनी डोळे पुसत माझ्या फायलीत 'सहानुभूती: उत्कृष्ट' असं लिहिलं. नोकरी तिथल्या तिथे कायम झाली, उरलेले दोन आठवडे थांबायचीही गरज पडली नाही. तोफखान्याने जन्मात कुणाचं भलं केलं असेल तर माझं, तेही मेल्यावर.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"रडलीस?"

"हो. पोटभर."

"एकटीच?"

"नाही गं, वीस माणसं होती. एकीने तर जवळ घेतलं."

ताईचा आवाज भरून आला. "आपल्या आईसाठी? चांगली माणसं भेटलीत गं तुला."

"हो," मी म्हणाले. "फार चांगली."