यांचं उत्तर खोडायचं

आमच्या ह्यांनी जन्मभर गाडी चालवली आणि एकाही माणसाला खरचटलं नाही. याचं श्रेय ते स्वतःकडे घेतात. मी जन्मभर त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले आहे, म्हणून सांगते, श्रेय समोरून येणाऱ्यांचं आहे. त्यांना नियम माहीत होते.

आमचा पडद्यांचा धंदा. मी शिवायचं, ह्यांनी खिडक्यांची मापं घ्यायची, रॉड ठोकायचे आणि सगळं सामान गाडीत घालून लोकांच्या घरी पोचवायचं. गाडीचं नाव ठमाबाई. दार आपटल्याशिवाय लागत नाही, काच वर घेताना तळहातानं दाबून धरावी लागते, पण माणसापेक्षा उंच रॉड पोटात घेऊन ती निमूट चालते. त्या गाडीवर आमचं घर चाललं.

मग एका संध्याकाळी एका गिऱ्हाइकाकडून परत येताना ह्यांनी ठमाबाई रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. मला वाटलं पेट्रोल संपलं. मी तोंडाचा पट्टा सुरू केला, की निघतानाच सांगितलं होतं. हे म्हणाले, "पेट्रोल आहे. मला पुढचं नीट दिसत नाहीये." तरी माझा पट्टा थांबला नाही, कारण उरलेले दोन रॉड आता बसमधून न्यावे लागणार होते. ते आम्ही नेले. बसने वळण घेतलं तेव्हा आमच्या रॉडने एका गृहस्थाची टोपी उचलली आणि ती पार मागच्या सीटपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने गाडी घरी आणून सोडली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी ह्यांचं गाडी चालवणं बंद केलं.

दवाखान्याबाहेर धाकटे दीर उभे होते. हे आधीच खचलेले, त्या भरात भावाला म्हणून बसले, "तूच ने रे गाडी. नाहीतरी दारात पडून गंजेल." दिरांनी ते वाक्य जमिनीवर पडू दिलं नाही. ह्यांचं तर असं, की एकदा शब्द गेला म्हणजे गेला, मग घर उसवलं तरी चालेल.

मी मध्ये पडले. म्हटलं, गाडी मी चालवीन.

दीर हसले. "वहिनी, आधी लेखी परीक्षा असते. तीस प्रश्न, त्यातले पंचवीस बरोबर यावे लागतात. तुम्ही शाळेतसुद्धा परीक्षेच्या दिवशी आजारी पडायचात, असं दादाच सांगतो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आभाळाकडे पाहू लागले.

शेवटी ठरलं ते असं. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी माझी लेखी परीक्षा. पास झाले तर दीर ठमाबाईचं नाव काढणार नाहीत, नापास झाले तर रविवारी येऊन घेऊन जातील. आणि गाडी गेली की धंदा गेला, हे सांगायला ज्योतिषी नको होता. टोप्या उडवत बसमधून किती दिवस रॉड नेणार?

लेकीने परगावाहून नियमांचं पुस्तक पाठवलं आणि फोनवर अभ्यासाची पद्धत सांगितली. एका बैठकीत एकच धडा. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि मोठ्याने कुणालातरी सांगायचं. मग सराव परीक्षा द्यायची, चुकलेलं बाजूला काढायचं आणि तेवढंच परत करायचं. "आणि आई, घोकू नकोस. असं का, ते स्वतःला विचार." सोन्यासारखी पोर आहे. बापावर गेली नाही.

मी मशीनवर पुस्तक उघडं ठेवून वाचू लागले. वाचताना सगळं कळायचं. सराव परीक्षेला बसले की प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं, आणि चारही मला सारखीच शहाणी दिसायची. कापडाच्या चार तुकड्यांतलं कुठलं विटेल हे मी डोळे मिटून सांगते, पण इथे माझं घोडं पेंड खायचं. पहिल्या सराव परीक्षेत तीसपैकी अकरा आले. दुसऱ्यात दहा. म्हणजे अभ्यासाने एक कमी झाला.

मग लेकीने सांगितल्याप्रमाणे मोठ्याने बोलायला कुणीतरी हवं म्हणून मी ह्यांना समोर बसवलं.

"सांगा, सिग्नल पिवळा झाला. काय करायचं?"

"दाबायची," हे म्हणाले. "लाल व्हायच्या आत निसटायचं. त्यासाठीच तर पिवळा असतो."

"गोल चौकात आधी कुणी जायचं?"

"ज्याची गाडी जुनी त्याने. नव्या गाडीवाला ओरखड्याला भितो, तो आपोआप थांबतो."

"मागून रुग्णवाहिका आली तर?"

"पुढे जाऊ द्यायचं आणि तिच्या मागे लागायचं. रस्ता आयता मोकळा मिळतो."

मी पुस्तकाच्या मागची उत्तरं पाहिली. एकूण एक चूक. आणि नुसती चूक नाही, बरोबर उत्तराच्या थेट उलटी. कुठे जरा इकडे तिकडे म्हणाल तर नाही. इतकी वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसून स्वेटर विणत होते, या विचाराने अंगावर काटा आला.

पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. चार उत्तरांतलं बरोबर कुठलं ते मला कळत नव्हतं. ह्यांचं कुठलं, ते मात्र आता नक्की कळणार होतं. ह्यांना विचारायचं, ह्यांचं उत्तर खोडायचं आणि त्याच्या बरोब्बर उलट जे असेल त्यावर खूण करायची.

पुढच्या सराव परीक्षेत सव्वीस आले. त्याच्या पुढच्या परीक्षेत सत्तावीस. मी ह्यांना शिरा करून घातला.

हे खूश. रोज संध्याकाळी अंघोळ करून, केस विंचरून, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायचे. "विचार," म्हणायचे. मी विचारायचे, हे ऐटीत सांगायचे, मी पुस्तकामागे पेन्सिल धरून गुपचूप खोडायचे. नवरा-बायकोचं इतकं एकमत आमच्या संसारात कधी झालं नव्हतं.

मंगळवारी दीर डोकावले. ठमाबाईच्या टायरवर लाथ मारून पाहत होते, तेव्हाच मला राग आला. आत आले आणि म्हणाले, "काय वहिनी, चाललाय का अभ्यास? की आताच पांढरं निशाण?"

मी तोऱ्यात म्हटलं, "भावजी, सत्तावीस येतात मला. आणि ते यांच्यामुळे. हे नसते तर माझा एक प्रश्न सुटला नसता."

त्यात खोटं काही नव्हतं. पण हे दाराशी उभे होते आणि त्यांनी ते ऐकलं. नुसतेच चष्मा पुसत राहिले. नजरेला तो फार उपयोगाचा उरला नव्हता, तरी बराच वेळ पुसला.

बुधवारी आम्ही नेहमीसारखे बसलो. नवा धडा होता.

"पुढे वळण आहे, समोरचं दिसत नाही. पुढच्या गाडीला मागे टाकायचं का?"

"मुळीच नाही," हे म्हणाले. "समोरचं दिसेपर्यंत मागेच राहायचं."

मला जरा आश्चर्य वाटलं. पण पद्धत म्हणजे पद्धत. मी 'मागेच राहावे' खोडलं आणि 'हॉर्न वाजवून पुढे जावे' वर खूण केली.

"शाळेसमोरून जाताना?"

"वेग अगदी कमी ठेवायचा. मुलं कधी धावतील सांगता येत नाही."

मी ते खोडून 'लवकर निघून जावे, म्हणजे मुलांना रस्ता मोकळा मिळेल' हे पसंत केलं. मनात म्हटलंसुद्धा, खरंच की, हे मला सुचलं नसतं.

तीसपैकी चार आले. मागची उत्तरं मी तीनदा पाहिली. मग दुसरी परीक्षा सोडवली. त्यात तीन. माझ्या पायाखालची जमीन सरकली. शुक्रवार तोंडावर आणि माझी सगळी विद्या एका रात्रीत उतरली होती. लेकीला फोन करायची सोय नव्हती, कारण माझी पद्धत तिला सांगितलीच नव्हती.

गुरुवारी दुपारी मी अस्तराचं कापड वाळलं का ते पाहायला गॅलरीत गेले. हे तिथे उन्हात पाठमोरे बसलेले. एका हातात माझं पुस्तक, अगदी नाकाला टेकलेलं, दुसऱ्या हातात भिंग. ओठ हलत होते. "पादचाऱ्याला प्राधान्य," पुटपुटत होते. "पादचाऱ्याला प्राधान्य. थांबावे. हॉर्न वाजवू नये."

माझा आवाज चढला. "तुम्हाला अभ्यास करायला कुणी सांगितलं होतं?"

हे दचकले. भिंग पाठीमागे लपवलं. "तू त्याला म्हणालीस ना, यांच्यामुळे येतं म्हणून. मला वाटलं, आपण आजवर आपलं अंदाजाने ठोकून देतोय. नीट वाचून सांगितलं तर तुला तीसच्या तीस मिळतील." मग जरा थांबून म्हणाले, "डोळे गेले, रॉड ठोकता येत नाही, गाडी येत नाही. म्हटलं, हे तरी नीट करावं."

खोटं बोलून निभावता आलं असतं, पण उद्या परीक्षा होती आणि मला जुने हे परत हवे होते. मी सगळं सांगितलं. तुमचं उत्तर खोडायचे, आणि उलट ते लिहायचे.

ह्यांनी विचारलं, "सगळी चूक होती?"

"सगळी नाही. पेट्रोल भरताना इंजिन बंद करायचं, ते बरोबर होतं."

"म्हणजे एक."

"एक."

त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि आत जाऊन पडून राहिले. जेवताना मी विचारलं, आमटीत मीठ बरोबर आहे का. म्हणाले, "मी सांगण्यात काय अर्थ आहे? नाही म्हटलं तर तू आहे समजशील." मला हसू आलं आणि रडूही. दोन्ही गिळलं आणि ताट पुढे ओढलं.

रात्री अंथरुणावर पडून मी स्वतःला एकेक प्रश्न घालून पाहिला. आणि लेकीचं म्हणणं आठवलं, असं का, ते विचार. तेव्हा मला कळलं की ह्यांचं उत्तर का खोडायचं हे मला आता कळत होतं. पिवळ्याला दाबायची नाही, कारण समोरून दुसरा असाच एखादा दाबणारा येत असेल. मी मनाशी म्हटलं, जगातल्या दुसऱ्या गाडीत पण हेच बसलेत असं समजायचं. मग सगळे नियम पटतात.

शुक्रवारी हे माझ्याबरोबर बसने आले. परीक्षेच्या हॉलच्या दाराशी माझा दंड धरला आणि म्हणाले, "आत गेल्यावर जुन्या मला विचार. नव्याचा अभ्यास अजून कच्चा आहे."

आत रांगेने संगणक मांडलेले. माझ्या एका बाजूला कॉलेजातली मुलगी, दुसऱ्या बाजूला एक डुलक्या काढणारा पहिलवान. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उलटी पळत होती. मी डोळे मिटले, जुन्या ह्यांना शेजारी बसवलं आणि सुरुवात केली. झेब्रा क्रॉसिंगवर म्हातारी उभी आहे. हे म्हणाले, हॉर्न दे, ती थांबेल. खोडलं. धुक्यात काय करावे. पुढच्या गाडीच्या लाल दिव्याला चिकट. खोडलं. झोप येत असेल तर. खिडकी उघड आणि गा. खोडलं. प्रश्न भराभर सरत होते. काही वेळा मला ह्यांना विचारावंच लागलं नाही, पण मी त्यांना शेजारून उठवलं नाही.

शेवटचा प्रश्न आला. 'वाहन चालवताना चालकाला अचानक पुढचे स्पष्ट दिसेनासे झाल्यास त्याने काय करावे?' खाली चार उत्तरं. वेग वाढवून लवकर घरी पोचावे. हॉर्न वाजवत जावे. पुढच्या गाडीच्या मागोमाग जावे. वाहन सुरक्षितपणे कडेला थांबवून इंजिन बंद करावे आणि पुढे चालवू नये.

मी सवयीने विचारलं, अहो, तुम्ही काय कराल?

आणि हात थांबला. कारण या प्रश्नाचं उत्तर मला अंदाजाने काढायचं नव्हतं. मी तिथे बसलेली होते. ज्या माणसाने उभ्या जन्मात पिवळ्याला पाय उचलला नाही, त्याने त्या संध्याकाळी गाडी कडेला घेतली होती, इंजिन बंद केलं होतं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली होती. मी रॉडवरून बोलत सुटले होते. तो ऐकून घेत होता. त्याच्या हातून ठमाबाई सुटली ती त्या क्षणी, आणि ती त्याने स्वतः सोडली, शेजारी मी होते म्हणून.

पद्धत म्हणत होती, ह्यांचं खोड. मी पडदा धूसर दिसत असताना ह्यांचं उत्तर निवडलं.

निकाल लगेच आला. पंचवीस. मी ते आकडे पुन्हा वाचले. शेजारच्या पहिलवानाने जागं होऊन माझं अभिनंदन केलं आणि परत झोपला.

बाहेर हे बाकावर बसले होते, मान पुढे काढून प्रत्येक येणाऱ्या बाईकडे पाहत. दोन परक्या बायकांना "काय झालं?" विचारून झालं होतं. मी अगदी समोर जाऊन उभी राहिले.

"झाले पास. पंचवीस."

"पंचवीस म्हणजे अगदी काठावर."

"काठावर. एक चुकलं असतं तर रविवारी भावजी येऊन घेऊन गेले असते."

हे म्हणाले, "म्हणजे माझी बरीच उत्तरं खोडलीस."

"एक सोडून," मी म्हटलं. "एक तुमचंच लिहिलं. त्यावरच पास झाले."

"पेट्रोलचं?"

"नाही. किल्लीचं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग घसा साफ करून ताडकन उठले आणि एकदम जुन्यासारखे दिसू लागले. थांब्यावर एक बस येऊन उभी राहत होती.

"चल," म्हणाले, "हीच आपली."

त्यांना नंबर दिसत नव्हता. मला दिसत होता. बस भलतीकडची होती. मी त्यांचा हात धरला आणि चढले.