खिडक्या कुठल्या अंगाला?

माझ्या सासऱ्यांना आमचं झाबोल शहर सोडायचं होतं, आणि घरात सगळ्यात जास्त घाई त्यांनाच होती. तेहरानहून दर वर्षी कुणीतरी कॅमेरा घेऊन येतं आणि आमच्या म्हाताऱ्यांना विचारतं, "बाबा, या मातीची ओढ सुटत नसेल ना?" गेल्या वर्षी त्यांनी नेमकं माझ्या सासऱ्यांना, खुदानजरना गाठलं. ते म्हणाले, "माती माझ्या छातीत हाय. वाटीभर तरी आसंल. आता आनखी तिची ओढ कसली लागायची?" त्या लोकांनी कॅमेरा बंद केला आणि शेजारच्या गल्लीत दुसरा म्हातारा शोधायला गेले.

नवरोज झाल्यावर मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगेलासा, शिराजचा, सक्तीच्या सरकारी नोकरीची दोन वर्षं काढायला आलेला. टेबलावर कॅलेंडर होतं आणि संपलेल्या प्रत्येक दिवसावर फुली मारलेली होती. त्याने छातीचा फोटो उजेडात धरला आणि मला म्हणाला, "खोरदाद महिना लागायच्या आत यांना इथून हलवा. आणखी एक उन्हाळा ही फुफ्फुसं काढणार नाहीत." खोरदाद लागला की आमच्याकडे वारा सुरू होतो आणि चार महिने तोंड मिटत नाही. म्हणजे आमच्या हातात सात आठवडे होते.

मी शाळेत भाषा शिकवते. बदलीचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, वारा. कारकुनाने कागद परत सरकवला. "बाई, लग्न, स्वतःचा आजार, नवऱ्याची नोकरी. एवढीच कारणं चालतात. वारा काय, सगळ्यांनाच आहे."

"म्हणून तर सगळ्यांना जायचंय," मी म्हटलं.

त्याने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझाही अर्ज आत पडलाय. तीन वर्षं झाली." आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी आमच्या शहराची तऱ्हा. शेवटी मी बिनपगारी रजा टाकली.

जायचं म्हणजे गोरगानलाच. आजोबांच्या काळात पहिल्यांदा आमच्याकडचं मोठं तळं आटलं तेव्हा गावंच्या गावं तिकडे गेली होती. तिथे पाऊस आहे, ओली झाडं आहेत, आणि तिथल्या काही गल्ल्यांत झाबोली माणसाला घर न देणारे मालक आहेत. झाबोली म्हणजे भिकारडे, झाबोली म्हणजे भांडखोर, एक झाबोली म्हणजे पाठोपाठ सगळं खानदान. मोबाईलवरच्या जाहिराती बघून मी आवाज मोठा ठेवून फोन करायची आणि माझा नवरा शेरदिल शेजारी बसून नुसतं ऐकायचा. कूलर दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नाही, पण तोंड उघडलं की पहिल्याच शब्दाला झाबोल बाहेर पडतं. माझी भाषा साफ आहे. शिवाय माझा जन्म बिरजंदच्या दवाखान्यातला, त्यामुळे ओळखपत्रावर बिरजंद आहे. करारनामा माझ्या नावावर करायचा आणि झाबोलचं नावही काढायचं नाही, असं ठरलं होतं.

पहिला मालक भला वाटला. हश्मत आगा म्हणून. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, अंगणात संत्र्याचं झाड. मी बिरजंदची शिक्षिका आहे म्हटल्यावर खूश झाला. घरात कोण कोण, विचारलं. मी म्हटलं, नवरा आणि सासरे.

"वडीलधारं माणूस म्हणजे घराची बरकत. द्या त्यांना फोन, सलाम करतो."

सासऱ्यांना मी तीन वाक्यं पाठ करून घेतली होती. सलाम, आपली कृपा आहे, अल्ला तुम्हाला सलामत ठेवो. तिन्ही वाक्यं त्यांनी इतकी झोकात म्हटली की शेरदिलने मला हळूच चिमटा काढला. मी फोन परत घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात म्हाताऱ्याला चेव आला.

"आनि मालक, खिडक्या कुठल्या अंगाला?"

आमच्याकडे घर बघायला गेलेला माणूस दारातून आत पाय टाकायच्या आधी हे विचारतो. जुनी घरं सगळी उत्तरेला तोंड करून बांधलेली. तळ्यात पाणी होतं तेव्हा वारा पाण्यावरून गार होऊन यायचा. खिडकीत काटेरी झुडपं ठासायची, त्यावर तांब्याने पाणी मारायचं, की भर उन्हाळ्यात आत हुडहुडी भरायची. सासरे त्या तळ्यावर मासे धरायचे. आता तळ्याचा तळ उघडा पडलाय आणि तोच वारा तो तळ उचलून आमच्या अंथरुणात आणून टाकतो. ज्या पाहुण्यासाठी घराला एवढ्या खिडक्या ठेवल्या, तोच दरोडेखोर निघाला. शेरदिलने आमच्या उत्तरेच्या चारही खिडक्या विटांनी बुजवल्या, तरी सकाळी उशीवर डोक्याचा ठसा सोडून बाकी सगळी धूळ असते. कधी दार उघडायला आधी फावडं लागतं. तर असं आहे. हा प्रश्न आमच्या तोंडात आईच्या दुधाबरोबरच येतो.

"दक्षिणेला, काका," हश्मत आगा म्हणाला. "सगळ्या दक्षिणेला. उत्तरेला सलग भिंत आहे, एक भोकसुद्धा नाही." अगदी आनंदाची बातमी द्यावी तसा म्हणाला. मग बराच वेळ फोनमध्ये नुसता कुठल्या तरी पाखराचा आवाज येत होता.

"खोली... खोली कालच गेली हो," तो म्हणाला. "बायको बोललीच नव्हती मला." आणि फोन बंद.

शेरदिल ताडकन उठून उभा राहिला. "तीन वाक्यं, बाबा! तीन! चौथं कुनी मागितलं व्हतं का तुमच्याकडं?"

"ओरडू नगंस."

"ओरडू नगं तर काय नाचू? सात आठवडे हायेत! तुमच्यासाठीच चाललंय न्हवं हे सगळं?"

मलाही राग आला होता. इतका, की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. बाहेर आले तेव्हा म्हातारा भिंतीला टेकून दाढी कुरवाळत बसला होता.

"त्यो आपलाच हाय," ते म्हणाले.

"कोण?"

"त्यो मालक. गोरगानच्या मानसाला इचार, खिडक्या कुठल्या अंगाला, त्यो म्हनंल रस्त्याकडं, न्हाईतर अंगनाकडं. ह्यो म्हनला, उत्तरेला भोकसुदिक न्हाई. त्येला काय ठावं आमाला उत्तरेचं भ्या हाय त्ये?"

शेरदिलचं तोंड उघडंच राहिलं. मी भाषेची शिक्षिका, आणि माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं.

सासऱ्यांनी मला पुन्हा तोच नंबर लावायला लावला आणि फोन माझ्या हातातून घेतला. हश्मतने उचलल्याबरोबर त्यांनी सलामही घातला नाही. आपल्या ठेवणीतल्या गावठी बोलीत विचारलं, "कुनाचा रं तू?"

फोन आता ठेवेल, मग ठेवेल, असं मला वाटत होतं. त्याने ठेवला नाही. कुठलं तरी दार लावून घेतल्याचा आवाज आला आणि मग तोच माणूस, पण आवाज निराळा. "काका, जरा हळू बोला. बाजूला सूनबाई हाय."

"तिला ठावं न्हाई?"

"कुनालाच न्हाई. चाळीस वर्सं झाली. पोराचं लगीन हितल्या घरात केलं. त्येंना कळलं तर..." तो थांबला. "मी वाईट न्हाई, काका. पयल्यांदा आपल्यातल्या एका घराला दिली व्हती मी खोली. एकाला घेतलं की मागनं धा येत्यात. मग गल्ली इचाराया लागती, तुझ्याकडंच कसं येत्यात?"

"वारा लागायचाय अजून," सासरे म्हणाले. "मला डागदरनं सांगितलंय."

"ठावं हाय मला वारा काय असतो त्यो." त्याचा आवाज चिरकला. "माज्या आईला त्यानंच नेलं. पुन्हा फोन नगा करू, काका. पाया पडतो."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी शिव्यांची वाट बघत होते, कारण माझ्या सासऱ्यांच्या शिव्या अख्ख्या मोहल्ल्यात नावाजलेल्या आहेत. त्यांनी फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "पोरी, मला शिकव."

"काय शिकवू?"

"तुज्यासारकं बोलायला."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मी रोज दुपारी समोर बसवून बोलायला शिकवलं. हाय नाही, आहे. न्हाई नाही, नाही. यावर ते खवळायचे, "न्हाई नाही नाही, हे काय? एक न्हाई म्हनून भागतंय तिथं तीन कशाला?" आम्ही दोघंही हसायचो, मग त्यांना खोकला यायचा आणि हसणं तिथेच संपायचं. खोकला दाबायलाही शिकले ते. घोटभर कोमट पाणी तोंडात धरून ठेवायचं आणि समोरचा बोलत असताना गिळायचं. वर्गातल्या कुठल्याही पोरापेक्षा लवकर शिकले. जिभेवर सत्तर वर्षांची माती होती, ती त्यांनी पंधरा दिवसांत खरवडून काढली. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि स्वतःची लाज वाटली. हे दोन्ही मी कुणाला सांगितलं नाही.

यात पाच घरं गेली. कुणी अनामत वाढवली, कुणी नवऱ्याशी बोलायचं म्हणालं. आणि मग अख्तर खानमचं घर लागलं. विधवा बाई, तळमजला स्वतः वापरते, वर दोन खोल्या. संध्याकाळी नक्की सांगते म्हणाली.

त्या संध्याकाळी शेजारची महलका आमच्याकडे आली होती. नवरा दूर बंदरावर मजुरीला, घरात दोन लहान मुलं, दोघांनाही दमा. कुलूचे भाजले की आधी आमच्याकडे आणून द्यायची तिची पद्धत. खजुराचं सारण भरलेले गरम कुलूचे तिने सासऱ्यांपुढे ठेवले.

"काका, तुमी जावा पुढं. मग आमच्यासाठीबी बघा एखादी खोली. न्हानीएवढी आसली तरी चालंल."

"तुला पयली बोलावतो," सासरे म्हणाले. "शेरदिलच्या मामाच्या आदी तुला. माज्या दाढीची आन."

ती हसली, तोंडावरची ओढणी सारखी केली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

अख्तर खानमने माझ्याशी दोन शब्द बोलून घेतले आणि म्हणाली, "बेटी, तुझा दोष नाही, पण मी एकदा पोळलेय. तरुण माणसं गोड बोलतात. म्हातारं माणूस खोटं बोलत नाही. सासऱ्यांना दे."

मी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पाण्याचा घोट तोंडात घेतला, गिळला.

"सलाम, खानम. आपली कृपा आहे. तब्येत बरी आहे ना?" प्रत्येक 'आहे' त्यांनी जपून खाली ठेवला. माझ्या मास्तरांनी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते, असं ते बोलत होते. बिरजंदचं केशर, तिथली थंडी, सुनेची नोकरी. एकदाही पाय घसरला नाही.

"आगा, एक स्पष्ट विचारते, राग मानू नका," ती म्हणाली. "तुम्ही झाबोलचे तर नाही ना?"

शेरदिलने मान खाली घातली. महलका हातात कप धरून बसली होती.

"तोबा, खानम!" सासरे म्हणाले. "झाबोली? त्या लोकांना तर आम्हीसुद्धा दारात उभं करत नाही. एकाला घेतलं की मागून दहा येतात."

हे मी शिकवलं नव्हतं.

अख्तर खानम खळखळून हसली. "अगदी माझ्या मनातलं बोललात! या आगा, शनिवारीच या. खोल्या धुऊन ठेवते."

फोन बंद झाला आणि इतका वेळ दाबलेला खोकला बाहेर पडला. शेरदिल त्यांची पाठ चोळत राहिला. वारा सुरू व्हायला अजून अकरा दिवस होते आणि आम्हाला घर मिळालं होतं. घर मिळालं की आमच्यात एकमेकांच्या गालाचे मुके घेतात, मुबारक म्हणतात, शेजाऱ्यांत मिठाई वाटतात. कुणी जागचं हललं नाही. सासऱ्यांनी डोळे पुसले, पाणी खोकल्याने आलं होतं की कशाने, मी विचारलं नाही.

मला महलकाकडे बघवत नव्हतं. तिने कप खाली ठेवला, उठली, बाहेर जाताना पांघरायची चादर डोक्यावरून घेतली. आता ही न बोलता निघून जाणार, आणि तिचं बरोबरच आहे, असं मला वाटलं. तिच्या जागी मी असते तर कुलूच्यांची थाळीसुद्धा उचलून नेली असती.

ती दाराकडे गेली नाही. म्हाताऱ्यासमोर येऊन खाली बसली.

"काका," ती म्हणाली, "त्ये शेवटचं पुन्हा एकदा म्हना. जरा सावकाश. मला पाठ करायचंय."