तिसरं स्थळ

झिपरूकाकांनी गाडीबाहेर मान काढून तंबाखूची पिंक टाकली आणि वाऱ्यानं तिचे चार थेंब उडून भिलाच्या कोटाच्या बाहीवर आले. भिलानं रुमाल काढून बाही पुसली. मग तो रुमालच हातात धरवेना. काका खो खो हसले, जाताना डाग लागला म्हणजे लगीन जमणार असं काहीबाही बोलले आणि पुन्हा चिमूट तोंडात टाकून मोकळे झाले.

ब्राह्मणपुरीहून निघून दोन तास झाले होते. बाप, सुपडू, पुढे बैल हाकत होता आणि गवताची काडी कानात घालून फिरवत होता. काडीच्या टोकाला जे येई ते तो उन्हात धरून बघे आणि धोतराला पुशी. आई, भिकुबाई, सकाळपासून दुसऱ्यांदा कळण्याची भाकरी आणि लसणाची चटणी यांची शिदोरी सोडून बसली होती. चाटलेल्या बोटांनीच तिनं एक तुकडा भिलापुढे धरला. त्यानं मान फिरवली. तेव्हा तो तुकडा तिनं शोभाबाईला दिला. भिलाची ही थोरली बहीण नवऱ्याशी भांडून दोन वर्षांपूर्वी माहेरी आली होती. सासरी राहिलेला तांब्याचा हंडा आईनं वेळीच मागून घेतला नाही, हे तिचं गाऱ्हाणं गाव सुटल्यापासून चालू होतं. मध्येच ती पदराला नाक पुसे आणि त्याच पदरात दुसरी भाकरी झाकून ठेवी.

भिला गाडीच्या मागल्या टोकाला, पाय बाहेर सोडून बसला होता. नंदुरबारहून आणलेले नवे पंपशू धुळीत जाऊ नयेत म्हणून त्यानं पाय आखडून धरले होते. तो लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होता. मुलांना शुद्ध बोलायला शिकवायचा आणि घरी आला की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आजवर त्याची दोन स्थळं मोडली होती. पहिल्या वेळी काका मोहाची पिऊन आले आणि मुलीच्या आजोबांच्या गळ्यात पडून रडले. दुसऱ्या वेळी शोभाबाईनं मुलीच्या आईजवळ बसून आपल्या घरात सकाळ-संध्याकाळ कशी भांडणं होतात ते साग्रसंगीत सांगितलं. कोरीटच्या वाहरू पाटलाची धनू हे तिसरं स्थळ. मुलगी चौथी शिकलेली होती. लग्न झालं की शाळेच्या गावी बिऱ्हाड करायचं आणि दिवाळीखेरीज ब्राह्मणपुरीत पाऊल टाकायचं नाही, हे भिलानं ठरवून टाकलं होतं. आजचा एक दिवस या चौघांनी नीट वागावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

प्रकाशाला तापीत माघाचं पाणी उतरलेलं होतं. बापानं रिकामी गाडी उतारातून पाण्यात घातली आणि बाकीचे नावेत बसले. देवदर्शन करून परतणाऱ्या माणसांनी नाव भरली होती. आईच्या शेजारी पन्नाशीची, हिरव्या लुगड्यातली एक बाई मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. नाव मध्यावर जाईपर्यंत आईनं तिला सगळं सांगून टाकलं. पोरगा मास्तर आहे, स्थळ कोणाचं आहे, आधीची दोन कशी मोडली, पोराला लसूण कसा चालत नाही आणि लहानपणी त्याला खरूज किती झाली होती. बाई हूं हूं करत ऐकत होती. मधूनच ती भिलाकडे पाही. भिला पाण्याकडे बघत राहिला. आईच्या तोंडाचा लसणाचा वास नावभर पसरला आहे असं त्याला वाटत होतं.

पलीकडच्या काठाला म्हशी बसून बसून गाळ झाला होता. गाडी पाण्यातून सुखरूप आली आणि तिथे येऊन आसापर्यंत रुतली. बैल गुडघ्यावर बसले. बाप खाली उतरला तो मांडीपर्यंत आत गेला. शेण, कुजकं शेवाळ आणि म्हशींचं मूत मिळून असा उबट वास सुटला की भिलानं तोच मघाचा रुमाल नाकाला लावला.

काका चाकाला भिडले. हंड्याचं भांडण तिथल्या तिथे टाकून शोभाबाई धावली. आईनं लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि दुसऱ्या चाकाला खांदा लावला. भिला काठावरच्या कोरड्या दगडावर उभा होता. त्यानं एक पाय पुढे टाकलाही असेल, पण बापाचं लक्ष गेलं.

"तू ऱ्हाऊ दे. तुन्हं धोतर खराब व्हई."

भिला राहिला. तेवढ्यात हिरव्या लुगड्यातली ती बाई त्याच्याजवळ आली आणि तिनं गाठोडं त्याच्या पायाशी ठेवलं.

"मास्तर, हाई जरा संभाळा."

आणि तीही गाळात उतरली. चाक हललं, पुन्हा बसलं. आई पाय घसरून तोंडावर पडली. उठली तेव्हा तिच्या नाकातोंडात, केसांत गाळ होता आणि ती हसत होती. काकाही हसत होते. भिलानं मान वळवली. हे असंच कोरीटला जाणार, याच अवतारानं पाटलाच्या ओसरीवर बसणार, हेच त्याच्या मनात घोळत होतं.

गाडी निघाली. आईनं बाईला गाडीत बसायचा आग्रह केला, पण पाय धुऊन, गाठोडं उचलून ती शेतातल्या पायवाटेनं पुढे निघून गेली.

कोरीटला पोचल्यावर वाहरू पाटलानं पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी अंथरली, विचारपूस केली. भिलाला वाटलं होतं तसं काही झालं नाही. काका हात मांडीवर ठेवून पोरासारखे गप्प बसले. शोभाबाई विचारल्याशिवाय बोलली नाही. तरी जेवताना बापाच्या कढी भुरकण्याचा आवाज ओसरीभर जात होता आणि आईच्या कानामागे गाळाचा वाळलेला पोपडा तसाच होता. भिलाची नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाई.

धनू पाण्याचे तांबे घेऊन आली. सावळी, मोठ्या कपाळाची. तिनं भिलाकडे एकदाच सरळ पाहिलं आणि भिलाला ती आवडली. पाटलानं विचारलेल्या प्रश्नांना त्यानं नीट, स्वच्छ उत्तरं दिली. शाळेत पोरं किती, पगार किती, बदली होते का. सगळं जमत आलं होतं, तोच आतून विड्याचं तबक घेऊन एक बाई बाहेर आली. लुगडं बदललेलं होतं, पण तीच. पाटलानं ओळख करून दिली. ही त्याची बहीण फुलीबाई, प्रकाशाला दिलेली, मुद्दाम आजच्यासाठी आलेली.

आईनं आनंदानं टाळी वाजवली. भिलाला मात्र नाव आठवली. नावेत आईनं सांगितलेलं सगळं, आधीची स्थळं, खरूज, सगळं या बाईला ठाऊक होतं. तिसरं स्थळ आईच्या तोंडानं गेलं, असं त्यानं मनात पक्कं केलं.

विडे झाल्यावर तो मागच्या बाजूला चूळ भरायला गेला. गोठ्याच्या कुडापलीकडे बोलणं चाललं होतं. वाहरू पाटील, फुलीबाई आणि त्याचा बाप. भिला हातात तांब्या धरून थांबला.

"दादा, तुम्हना घरले मी नाव ठेवस नई," फुलीबाई म्हणत होती. "चांगला लोके शेतस तुम्ही. तुम्हीन त्याले नको म्हनं, तेबी मी आयकं. पन माय गारामा पडनी आनि तो नाकले रुमाल लाईसन काठवर कोरडा उभा ऱ्हायना. उद्या मन्ही भाची पडनी तर तो काय हात दी?"

"तो घरमा असा नई शे," बाप म्हणाला.

"मंग घरमा कसा शे?"

भिला वाट बघत राहिला. बाप नेहमी बोलायला लागला की थांबत नसे. गोठ्यात बैलानं पाय आपटला, शेपटी हलवली.

मग बापाचा आवाज आला, तो फार हळू होता.

"ताई, एक करा. तुम्हीन नई म्हनं, हाई कोनले सांगू नका. मीच नई म्हनस, असं करूत."

गाडी वेशीबाहेर आल्यावर बापानं सांगून टाकलं, आपल्याला पोर पसंत पडली नाही. मग सगळे एकदम तुटून पडले. काका म्हणाले की कालपासून आपण थेंबाला शिवलो नाही ते याच्यासाठी का. शोभाबाई रडायला लागली, अशी वहिनी कुठे मिळणार होती म्हणून. आईनं तर त्याची सात पिढ्यांची अक्कल काढली. पोराचं वय चाललंय आणि म्हाताऱ्याला मस्ती सुचते म्हणाली. बाप बैलांच्या शेपट्या पिरगाळत गाडी हाकत राहिला. त्याच्या धोतरावरचा गाळ उन्हानं वाळून पांढरा पडला होता.

आई मागे वळली.

"तू सांग रे भिला. तुले तं पसंद व्हती ना पोर?"

भिलानं तोंड उघडलं.

"त्याले कसाले इचारस?" बाप मागे न बघता म्हणाला. "त्यानी तं हाव म्हनं व्हतं. मीच आडवा उनू."

आई सरकत भिलाजवळ आली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लहान मुलाला निजवताना फिरवतात तसा ती तो खालीवर फिरवू लागली. बापाला शिव्या देणं तिचं चालूच होतं. तिच्या नखांत अजून गाळ होता. कोरीटची शेवटची शेतं अजून मागे पडायची होती. बोलायचं तर अजूनही बोलता आलं असतं. आई कोटावरून हात फिरवत राहिली आणि त्यानं तो फिरवू दिला.