बादलीच्या काठावरची गोधडी

रविवारी संध्याकाळी पाच वाजता बारामतीच्या एसटी स्टँडवर जेमतेम वर्षाची छकुली वडिलांच्या कडेवरून आईच्या कडेवर गेली. तिच्यामागोमाग पिशवीतून मीही गेले.

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. छोटीच, एका बाळापुरती. छकुलीची आजी, लासुर्ण्याच्या कुशाबाई, यांनी सुनेचं डोहाळजेवण आटोपताच मला शिवायला घेतलं. बाळाच्या अंगाला नवं कापड टोचतं, म्हणून त्यांनी आपली विरलेली लुगडी वापरली. त्यामुळे जन्मतःच मी जुनी होते.

गेल्या हिवाळ्याच्या आठवणी मला अजून ऊब देतात. छकुलीची आई राजलक्ष्मी तिला पाजताना मला दोघींभोवती लपेटून घ्यायची. वडील, विजयसिंह, उसाला पाणी देऊन यायचे आणि तसेच लेकीकडे धावायचे. "अहो, हात गारठलेत तुमचे. आधी शेका, मग घ्या," असं राजलक्ष्मी म्हणायची. ते चुलीपुढे बसायचे आणि सारखं विचारायचे, "आता घेऊ?" घर हसायचं. आल्यागेल्याला कुशाबाई कौतुकानं माझे टाके दाखवायच्या.

पुढे दोघांत काय बिनसलं, ते मला नीट सांगता येणार नाही. आवाज चढले की कुणीतरी मला छकुलीच्या कानांवर ओढायचं. उन्हाळ्यात राजलक्ष्मी लेकीला घेऊन लोणी भापकरला माहेरी गेली. बाळ कुणाकडे राहावं याचा दावा कोर्टात उभा राहिला. निकाल लागेपर्यंत बाळ आईकडे आणि शनिवार-रविवार वडिलांकडे, असं ठरलं. तेव्हापासून मीही दोन गावांची झाले.

छकुलीला झोपताना माझा एक कोपरा नाकाशी लागतो. त्यात आईच्या दुधाचा वास मुरला होता. लासुर्ण्यात हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

या शनिवारी कुशाबाईंनी मला पिशवीतून काढलं आणि नाक मुरडलं. "माझ्या हातची गोधडी, आन् पार पोतेरं करून टाकलंय!" त्यांनी मला कढत पाण्यात भिजवलं, साबण लावला, दगडावर आपटलं. उन्हात वाळून मी लख्ख झाले. त्या खूश होत्या. खरं सांगायचं तर मीही होते.

दुपारी छकुलीनं कोपरा नाकाशी नेला, हुंगला आणि टाकून दिला. दुसरा हुंगला, तोही टाकला. मग जी रडायला लागली, ती थांबेचना.

"आये, धुतलीस कशाला?" विजयसिंह म्हणाले.

"मग मळकी पांघरू व्हय नातीला? परवा कोर्टात तेच सांगतील, आजीचं ध्यान न्हाय म्हणून!"

विजयसिंहांनी फोन काढला, तसा कुशाबाईंनी त्यांचा हात धरला. "येडा हायस का? पोर रडती म्हणून तूच सांगणार त्यांना? वकील काय म्हणलाय तुला?"

"वकिलाचं राहू दे. पोरगी काळीनिळी व्हायला लागलीय."

फोन लागला. रडणं ऐकताच राजलक्ष्मीनं विचारलं,

"गोधडी धुतली ना?"

"व्हय."

"शर्टाच्या आत धरा थोडा वेळ, मग द्या. तुमचा वास ओळखते ती." मग हळूच म्हणाली, "थंडीत तुमच्या छातीवरच तर झोपायची."

विजयसिंहांनी मला शर्टात कोंबलं आणि ऑक्टोबरच्या उन्हात अंगणात येरझाऱ्या घातल्या. चांगले घामाघूम झाले. हिवाळ्यानंतर मी त्यांच्या इतक्या जवळ गेले नव्हते. छकुलीनं पुन्हा कोपरा घेतला, हुंगला, जरा विचार केल्यासारखी थांबली आणि झोपली.

रविवारी स्टँडवरून लोणी भापकरला आल्यावर राजलक्ष्मीनं मला नाकाशी धरलं. विजयसिंहांच्या घामाचा वास माझ्यात होता; तिनं बराच वेळ धरलं. तिचे वडील हिंदुराव दारातून म्हणाले, "शनवारचं सगळं मी वकिलाच्या कानावर घातलंय. पोरगी तितं किती रडली, ते उद्या कोर्टात सांग. मग कायमची आपल्याकडं राहील."

"आबा, त्यांनी फोन केला म्हणून तर मला कळलं."

"म्हणूनच सांगतोय! आपल्या तोंडानं कबूल झालाय की गडी."

तिनं मला छकुलीवर पांघरलं.

मित्रांनो, तुमच्या घरी एखाद्या बाळाचं कळकट पांघरूण दिसलं, तर पाण्यात टाकण्याआधी एकदा नाकाशी धरून बघा. त्यात कुणाकुणाचा वास आहे, ते कळेल. पाण्याला ते कळत नाही.

आज सोमवार. कोर्टात तारीख आहे. मोरीत बादली भरून वाहते आहे आणि राजलक्ष्मीनं मला तिच्या काठावर टाकलं आहे. साबण तिच्या हातात आहे. बाहेर चपला घालून उभे असलेले हिंदुराव दुसऱ्यांदा हाक मारत आहेत. मी अजून कोरडी आहे.